केवळेला गोड करू नका

एका लेखिकेनं आपल्या फँटसी प्रेमकादंबरीच्या खर्ड्याबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यादवकाळातल्या देवगिरीवर बेतलेलं एक काल्पनिक राज्य. तिथली केवळा ही पाणाडी, तिला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. ती बारा वर्षांची असताना गावची विहीर आटली. पोरीनं भानामती केली असं ठरवून गावानं तिला तीन रात्री पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, कोंडलं. आता ती पंचविशीची आहे, तुसडी आहे, कुणाला जवळ येऊ देत नाही. बारवा दुरुस्त करणारा सोपान पाथरवट तिच्या वाटेत येतो. खर्डा वाचलेल्यांना नायिका आवडत नाही, आणि लेखिकेला स्वतःला खुपतंय ते हे की शेवटच्या पाच प्रकरणांत केवळा एकाएकी बरी होते. काय बदलावं?

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुसडेपणा हा तिचा दुर्गुण आणि प्रेम हे त्यावरचं औषध, असं धरून खर्डा लिहिला गेलाय. खरं तर तुसडेपणा हे तिचं जगण्याचं तंत्र आहे. त्याच तंत्रानं ती तेरा वर्षं जिवंत राहिली. तेव्हा ते तंत्र तिच्याकडून काढून घ्यायचं नाही. ते कुठं लागतं आणि कुठं लागत नाही हे तिचं तिला कळू लागणं, एवढाच तिच्या बरं होण्याचा अर्थ धरा. तिची धार शेवटच्या पानावरही राहिली पाहिजे.

आधी एक काम करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं तिचं प्रत्येक तुटक बोलणं आणि वागणं लिहा, उजवीकडं त्यामुळं तिचं काय राखलं जातं ते लिहा. दाराजवळ झोपते, कारण बाहेर पडायची वाट मोकळी राहते. हातातून भाकरी घेत नाही, खाली ठेवायला लावते. तिला हाताला धरूनच पेवाकडं नेलं होतं. चतकोर भाकरी फडक्यात बांधून ठेवते. मागून कुणी नाव घेतलं की आधी सुऱ्याकडं हात जातो. उजवी बाजू कोरी राहील ते सगळे टोमणे काढून टाका, कारण वाचकाला खुपतात ते तेच. उरलेलं एकही वागणं पहिल्या सात-आठ प्रकरणांत समजावून सांगू नका. फक्त दाखवा, आणि दर वेळी तसंच दाखवा. वाचक स्वतःच जोडत जातो, आणि स्वतः जोडलेल्या माणसाचा त्याला लळा लागतो.

तुसडेपणाला किंमतही पडली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात तिचा एखादा शब्द चुकीच्या माणसाला लागू द्या. पाणी भरायला आलेल्या एखाद्या पोराला, ज्याचा काही दोष नाही त्याला. आणि तिनं लगेच माफी मागू नये. दुसऱ्या दिवशी त्या पोराची घागर तिनं आधी भरून ठेवावी, बोलू नये. दुबळ्यावर केलेल्या कठोरपणाची भरपाई झाली नाही तर वाचक तिला सोडून जातो, मग तिचा भूतकाळ कितीही भयंकर असो.

पहिल्या दहा पानांत ती कामात पक्की दिसली पाहिजे. इथं मराठवाड्याची जमीन तुम्हाला मोठी मदत करते. आपल्याकडं खाली बेसाल्टचे थर आहेत, लाव्हाच्या एकावर एक प्रवाहांचे. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतं. ते असतं मुरमात, खडकाच्या भेगांत, छिद्राछिद्रांच्या मांजऱ्या खडकात, आणि दोन प्रवाहांच्या सांध्यात. पुष्कळ ठिकाणी त्या सांध्यात तांबड्या मातीचा पट्टा असतो. केवळेच्या शक्तीला हेच नियम लावा. काळ्या पाषाणावर तिला काहीच ऐकू येत नाही, मांजऱ्यात झिरप ऐकू येते, भेगेत धार. मग ती उकिरड्याशेजारी उभी राहून पाटलाला म्हणेल, "हितं सात पुरुष खोल खणलं तरी काळा फत्तरच लागंल, तिकडं वढ्याच्या अंगाला चला," तेव्हा तिचा उद्धटपणा वाचकाला आवडेल, कारण तिचं म्हणणं बरोबर असेल.

आता पेव. खर्ड्यातली सर्वांत मोठी चूक इथं आहे. तुमच्या पेवात ज्वारी भरलेली आहे आणि तोंडावर शिळा बसवलेली आहे. अशा पेवात तीन रात्री सोडा, एक तास काढणंही अवघड. साठवलेलं धान्य श्वास घेतं. आतला प्राणवायू संपतो आणि कर्बवायू तळाशी साचतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. वारा खेळू द्यायचा, दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर थांबायचं. केवळा जगायची असेल तर पेव रिकामं हवं, बुडाशी थोडी कुजकी ज्वारी राहिलेली, आणि शिळा नीट न बसल्यानं कडेला बोटभर फट. ही फट फार मोलाची आहे. तीन दिवस तिनं त्या फटीतून आलेली उन्हाची रेघ भिंतीवर सरकताना पाहिली. मोठेपणी बंद दाराच्या फटीतला कवडसा दिसला की तिचं अंग आखडतं. हा पहिला खटका, म्हणजे जुनी भीती एकदम जागी करणारी गोष्ट. उबट, आंबूस ज्वारीचा वास हा दुसरा खटका. माणसांच्या पावलांचा वरून येणारा दबका आवाज तिसरा. तीन पुरे. प्रत्येक पानावर नवा खटका काढला तर एकही खरा वाटत नाही.

दुसरी अडचण फक्त फँटसीत येते, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. केवळेला शक्ती खरोखरच आहे. म्हणजे गावाचा आरोप अर्धा खरा ठरतो. वाचकाच्या मनात एक क्षण जरी आलं की 'कोण जाणे, पाणी तिनंच आटवलं असेल', तर तुम्ही नकळत कोंडणाऱ्यांची बाजू घेतलीत. भानामतीच्या आरोपानं लातूर-नांदेडकडच्या बायकांचं काय झालं हे आपल्या भागाला माहीत आहे. तिथं संदिग्ध राहून चालणार नाही. नियम स्पष्ट ठेवा: तिला पाणी ऐकू येतं, ते ती हलवू शकत नाही. हा नियम पाचव्या प्रकरणाच्या आत एखाद्या प्रसंगातून सिद्ध करा. ती तहानेनं कासावीस आहे, चार हात खाली पाणी वाहतंय, आणि ती ते वर आणू शकत नाही. एवढा एक प्रसंग पुरतो.

शक्ती पेवातून मिळाली असंही करू नका. सध्याच्या खर्ड्यात तसं सूचित होतंय. छळातून वरदान मिळालं की छळाला कारण मिळतं, आणि तिला कोंडणारे जवळजवळ उपकारकर्ते ठरतात. ती पाळण्यात असल्यापासून ऐकत होती. पेवानं तिच्याकडून काहीतरी घेतलं, एवढंच. काय घेतलं? पूर्वी पाणी ऐकणं हा तिचा आनंद होता, आता ते फक्त काम आहे. तो आनंद परत येतो का, हा कादंबरीचा खरा प्रश्न करा. 'सोपानशी लग्न होतं का' यापेक्षा तो जास्त धरून ठेवील.

जादूच्या जगात वाचक आणखी एक विचारणारच: तुमचा राजवैद्य मंत्रानं हाडं जोडतो, मग हिचं मन का नाही जोडत? उत्तर तयार ठेवा. वैद्य आठवण पुसू शकतो, पण तिच्यासोबत त्या वयाचं सगळंच जातं, तिच्या मायचा आवाजसुद्धा. केवळेनं तो सौदा मनापासून विचारात घ्यावा, एक अख्खं प्रकरण. मग नाकारावा, आणि नाकारल्यावर पस्तावावंही.

आघाताची आठवण कशी येते याबद्दल. सिनेमात दिसतो तसा सलग भूतकाळ डोळ्यांपुढं उलगडत नाही. वास येतो, घाम फुटतो, जीभ कोरडी पडते, कान बधिर होतात, आणि आपण आत्ता कुठं आहोत हेच काही क्षण सुटतं. क्रम नसतो, तारीख नसते. म्हणून बाविसाव्या प्रकरणातला तुमचा आठ पानांचा सलग पूर्वेतिहास मोडा. त्याचे बारा-पंधरा तुकडे करा, दोन-चार ओळींचे, आणि सुरुवातीला त्यांचा क्रम जाणूनबुजून चुकवा. अशा क्षणी वाक्यं आखूड ठेवा, 'जणू' आणि 'जसं काही' पूर्ण वगळा. घाबरलेल्या माणसाला उपमा सुचत नाहीत. आणखी एक: सगळेच झटके थरथरीचे नसतात. काही वेळा ती नुसती गप्प होईल, हसतमुखानं हो म्हणेल, अंगानं तिथं असेल आणि मनानं नसेल. हे गोठणं प्रेमकथेत ओळखता आलं नाही तर पुढं अनर्थ होतो, त्याकडं येतोच.

मोजमापाचं सांगतो. नव्वद हजार शब्दांची कादंबरी, चाळीस प्रकरणं, म्हणजे प्रकरणी सव्वादोन हजार शब्द. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. तुमच्या खर्ड्यात पहिला टप्पा दोन प्रकरणांत उरकलाय. तो सोळा प्रकरणं घेईल. दुसरा तेरा, सतरा ते एकोणतीस. उरलेली अकरा तिसऱ्यासाठी. टप्पे जिन्यासारखे सरळ चढत नाहीत; तेविसाव्यात ती पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ शकते, आणि यावीच. काळही वाढवा. मृगापासून दिवाळीपर्यंत सगळं आटपतं हे पटत नाही. दोन पावसाळे घ्या, मधला उन्हाळा कोरडा आणि लांब.

सोपानबद्दल सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण तो फार चांगला आहे. समजूतदार, सोशिक, चुकत नाही. अशा माणसावर कुणी प्रेम करत नाही, त्याची फक्त सोय होते. तो पाथरवट आहे, आणि हेच धरा. चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून उभी केलेली बारव ढासळली की तो प्रत्येक दगड मूळ जागी बसवतो. त्याला मोडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. तो केवळेकडंही तसंच बघतो, आणि हाच त्याचा दोष. मध्यावर, विसाव्या प्रकरणाच्या आसपास, त्याच्याकडून एक मोठी आगळीक घडू द्या: ती परगावी गेलेली असताना तो जुन्या गावी जातो आणि ते पेव दगडमातीनं बुजवून टाकतो. तिला आनंद होईल या खात्रीनं तिला नेऊन दाखवतो. आणि ती भडकते. ते पेव तिचं होतं. उघडायचं, बुजवायचं की तसंच ठेवायचं, हे तिनं ठरवायचं होतं. पुन्हा एकदा तिला न विचारता तिच्याबद्दल ठरवलं गेलं. या भांडणात दोघांचंही बोलणं खरं असलं पाहिजे. तो म्हणेल, मी तुझ्यासाठी केलं. ती म्हणेल, त्या लोकांनीबी गावासाठीच केलं होतं. या वाक्यानंतर सोपानला निदान दोन प्रकरणं कथेतून दूर ठेवा, आणि त्या दोन प्रकरणांत तिला त्याच्याविना थोडं पुढं सरकू द्या. तिचं सावरणं त्याच्यावर टेकलेलं नाही, हे वाचकाला दिसायला तेवढी जागा लागते.

जवळीक वाढवताना अंतर अक्षरशः मोजा. तो आठ हात लांबून आवाज देतो. दार आणि ती यांच्यामध्ये कधी बसत नाही. वस्तू खाली ठेवतो, ती उचलते. हे तो कुठून शिकला? तिनं सांगितलं म्हणून नव्हे, पाहून. पहिला स्पर्श तिच्याकडून, अठराव्या प्रकरणाच्या आधी नको, आणि तोही कामातला: निसरड्या पायरीवर तोल जाताना तिनं त्याचा दंड धरला आणि लगेच सोडला नाही. पेवाच्या प्रसंगानंतर हे सगळं पुन्हा आठ हातांवर येतं. शृंगाराच्या प्रसंगात ती गप्प राहिली म्हणजे तयार आहे, असं एकदाही लिहू नका. तुमच्या सव्विसाव्या प्रकरणात नेमकं ते झालंय. तिचं गप्प होणं म्हणजे गोठणं असू शकतं हे सोपानला माहीत हवं. त्यानं थांबावं, मागं सरकावं, दिवा मोठा करावा. ती 'थांब' म्हणते आणि तो त्याच क्षणी थांबतो, मनाला लावून न घेता, हा या प्रकारच्या कथेतला सगळ्यात उत्कट प्रसंग ठरू शकतो. थोडक्यात नमुना:

पडवीत वारा घुसत होता. सोपाननं घोंगडी तिच्यापासून दोन हातांवर ठेवली आणि खांबाला टेकून बसला.
"थंडी वाजायली. दार लोटू का?"
"नगं."
"बरं."
तो उठला नाही. काही वेळानं तिनंच पायानं घोंगडी ओढली.
"तुला वाजत न्हाई का?"
"वाजायली की."
"मग जा की आत."
"दार उघडं असल्यावर आत काय अन् भाईर काय."

यात कुठंही 'तिला समजून घेणारा' असं लिहावं लागलं नाही, हे बघा.

दुसऱ्या टप्प्यात तिला आपली गोष्ट सांगायची आहे. सोपानच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळं सांगून टाकते ही जागा मोहाची आहे, ती टाळा. आपल्याकडं बायकांनी न सांगता येणारं सांगायची जागा शतकानुशतकं ठरलेली आहे: पहाटेचं जातं. गंगाखेडच्या जनाबाईचा विठ्ठलसुद्धा जात्यापाशीच येऊन बसतो. दोघी समोरासमोर बसतात, नजर दाण्यांवर, हात खुंट्यावर, घरघरीत आवाज बुडालेला. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, आणि ओवी कुणाची होती हे नंतर कुणी विचारत नाही. केवळेला आधी एका म्हाताऱ्या विधवेच्या जात्यावर बसवा. पहिल्या दिवशी ती नुसतं दळते. मग कधीतरी दुसऱ्याच कुण्या लेकीची म्हणून ओवी येते:

पेवाच्या तोंडाला, शिळा लोटली कोणी बाई
आतल्या अंधाराला, माझं नाव ठावं नाही

'लेक' म्हणून सुरू झालेल्या ओव्यांत 'माझं' हा शब्द पहिल्यांदा आला की म्हातारीनं फक्त पुढची मूठ घालावी. दिलासा देऊ नये. सोपानला ही ओवी कितीतरी नंतर कळावी, किंवा कळूच नये. आणि जात्यात ज्वारी आहे, तिचा वास तिचा खटका आहे. ताज्या दळणाचा कोरडा वास आणि पेवातला आंबूस वास यांतला फरक तिच्या नाकाला कळू लागणं, इतकं बारीक पाऊल एका प्रकरणाला पुरतं.

कळसाचा प्रसंग तुम्ही मोकळ्या रणांगणावर ठेवलाय. देवगिरीवर बेतलेला किल्ला हाताशी असताना हे वाया घालवणं आहे. तिथली अंधारी, खडकात कोरलेला वळणावळणाचा काळोखा मार्ग, शत्रू आत अडकला की तोंडाशी आग करून धूर सोडायची सोय, भोवती खडकात खोदलेला खंदक. वेढ्यात गडावरचं पाणी संपतंय आणि खडकातली धार ऐकायला केवळेनंच अंधारीतून गेलं पाहिजे. ती निर्भय होऊन जात नाही. डावा हात भिंतीवर, पावलं मोजत, मध्ये एकदा बसून, पुन्हा उठून जाते. सोपान सोबत नसावा. त्याचं काम बाहेर असावं आणि ते तेवढंच महत्त्वाचं असावं. ती पाणी शोधते. पण भीती तिथं संपत नाही, त्याच रात्री दामदुप्पट होऊन येते.

त्यानंतर थेट लग्नाच्या मांडवात उडी मारू नका. तुळजापूरच्या भवानीचाच क्रम घ्या. नवरात्राआधी ती घोरनिद्रेत जाते, आणि दसरा झाल्यावर, म्हणजे युद्ध जिंकल्यावर, श्रमनिद्रा घेते ती कोजागरीपर्यंत. देवीचा थकवा मान्य करणारी आपली परंपरा आहे, मग केवळेनं दुसऱ्याच दिवशी हसत उठावं हा आग्रह कशाला? कळसानंतर किमान तीन प्रकरणं द्या. ती झोपते, चिडते, कुणाशी बोलत नाही, एके दिवशी पोटभर जेवते. याच प्रकरणांत तिला एका संध्याकाळी ओढ्याकाठी, काही काम नसताना, पाणी ऐकावंसं वाटू द्या. सोपान तेव्हा जवळ असला तरी चालेल, पण कारण तो नको.

कोंडणाऱ्या गावकऱ्यांना माफ करायला लावू नका. खर्ड्यातला म्हातारा पाटील मरताना क्षमा मागतो आणि ती देते, हा प्रसंग काढाच. त्यानं मागावी. ती न देताही निघून येऊ शकते, आणि कादंबरीनं तिला त्याबद्दल बोल लावू नये. त्या गावाला विहिरीची जागा दाखवायची की नाही हा मात्र खरा पेच आहे. दाखवली तर भरपूर मोबदला घेऊन दाखवावी, असं माझं मत.

काही बारीक गोष्टी. यादवकाळावर बेतायचं असेल तर मिरचीचा ठेचा, भुईमूग, मका, टोमॅटो नकोत. ही पिकं पोर्तुगीजांनंतर आली. मिरं, हिंग, लसूण, जवसाची चटणी, करडईचं तेल चालेल. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद बोलीत, पण बोली एकाच भागाची: 'वाजायली' लिहिलंत तर दुसऱ्या पानावर त्याच तोंडी लातूरकडचं 'वाजूलालीय' नको.

आणि जमिनीखाली अडकण्याचं वर्णन करताना लक्षात ठेवा की ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली सुमारे दहा हजार माणसं गेली. गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर-धाराशिवकडचा वाचक तुमचं पेव त्या आठवणीनिशी वाचेल. त्या प्रसंगांत रंगवारंगवी नको, आणि ती प्रकरणं एखाद्या समुपदेशकाला आधी वाचायला द्या.

पुनर्लेखन पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. आधी जात्याची प्रकरणं लिहा, मग पेव बुजवल्याचं भांडण, मग अंधारी. ही तीन जागेवर बसली की सुरुवातीच्या सोळा प्रकरणांत काय पेरायचं ते आपोआप ठरेल, आणि आजच्या खर्ड्यातली निदान चार प्रकरणं गळून पडतील.